खंडेनवमीची गाडी

महिपतरावांना वाटलं, धूप जरा जास्तच झाला.

पूजा आटोपून तासभर झाला होता. पोर्चमध्ये, जिन्याच्या तोंडाशीच, नवी निळी इलेक्ट्रिक गाडी उभी होती. बॉनेटवर झेंडूचा हार, पुढे पाटावर पणजोबांची तलवार आणि शेजारी धुपाटणं. हिंदी मुलखात, शिंदे की छावनीत राहणाऱ्या या घरानं पिढ्यान्‌पिढ्या घोडदळात चाकरी केलेली. घोडे गेले, स्कूटर आली, मग पेट्रोलची मोटार, आणि ती विकून गेल्या महिन्यात ही. पण नवमीला वाहनाची पूजा करायची आणि दसऱ्याच्या सीमोल्लंघनापर्यंत ते जागचं हलवायचं नाही, एवढं मात्र बदललं नव्हतं.

गाडी आल्यापासून महिपतराव भेटेल त्याला सांगत, "पेट्रोल नाही, इंजिन नाही. पेटायला आहे काय तिच्यात?"

काल संध्याकाळी शहरातल्याच हजीरा भागातून परतताना खोदलेल्या रस्त्यावर एक दगड गाडीच्या पोटाला जोरात लागला होता. डॅशबोर्डवर इशाऱ्याचा पिवळा दिवा लागला तो लागलाच. गाडी चालवत होती त्यांची मुलगी सीमंतिनी. घरी येताच तिनं वाकून मोबाइलच्या उजेडात खाली पाहिलं.

"बाबा, पत्रा चांगलाच आत गेलाय. बॅटरी तिथेच असते. सकाळी सर्व्हिस सेंटरला नेते."

"उद्या नवमी. वाहन हलायचं नाही."

"अहो, पूजा तिथेच करू की! हळदकुंकू लावून देईन मी मेकॅनिकच्या हातात."

"चेष्टा नको. दसरा झाला की ने."

बराच वेळ वाद घालून ती थकली. "ठीक आहे. पण चार्जिंगला लावायची नाही. बिलकुल नाही, मतलब बिलकुल नाही."

महिपतरावांनी होकारार्थी मान हलवली होती. ती मनापासूनच हलवली होती. पण त्यांच्या घरात उपाशी जनावराची पूजा होत नसे. नवमीला घोड्यांना आधी भिजवलेला हरभरा, मग हार. पेट्रोलच्या मोटारीची टाकीसुद्धा ते आदल्या दिवशी काठोकाठ भरून आणत. पहाटे त्यांनी गाडीतला स्क्रीन पाहिला, तर बॅटरी अर्ध्याच्याही खाली. त्यांना कसंतरीच झालं. एवढ्यानं काय होतंय, असं म्हणत त्यांनी प्लग लावला आणि पूजेची तयारी करायच्या आधी गुपचूप काढून ठेवला. कुणाला कळलं नाही.

आता ते आरामखुर्चीतून धुराकडे पाहत होते. पांढरा, दाट, जमिनीलगत सरकणारा धूर. उठून त्यांनी धुपाटण्यात डोकावलं. निखारे केव्हाच राख झाले होते. धूर येत होता मागच्या चाकाजवळून, गाडीच्या खालून, आणि त्याच्यासोबत कुकरची शिट्टी व्हायच्या आधीचा असतो तसा फुसफुसाट.

सीमंतिनी हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "हे काय हो?"

"धूप," ते म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

तिनं एकदा पाहिलं आणि ओरडली. घाबरली की ती हिंदीत जाई. "ये धूप नहीं है! बैटरी है, बाबा! हटिए वहाँ से!"

महिपतरावांनी कोपऱ्यातली वाळूची बादली उचलली. पेट्रोलच्या काळापासून ती तिथे होती. त्यांनी वाळू फेकली तोच गाडीच्या खालून ज्वाळा सुटल्या, वर नव्हे, आडव्या, गॅसच्या शेगडीसारख्या. हार एका क्षणात गेला.

"आई वर आहे!" सीमंतिनी म्हणाली.

वनमालाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. वॉकर धरून खाटेपासून खिडकीपर्यंत, एवढंच त्यांचं चालणं. त्यांची खोली पोर्चच्या बरोबर वर होती आणि जिना एकच. महिपतराव जिन्याकडे धावले. मुलीनं त्यांना सदऱ्याला धरून मागे ओढलं, फाटकाबाहेर ढकललं आणि स्वतः शेजारच्या उषाताईंच्या घरात धावत शिरली. दोन्ही घरांच्या गच्च्या लागून होत्या.

रस्त्यावर उभं राहून महिपतराव वरची खिडकी पाहत राहिले. आत कुणी दिसेना. लोक जमले, कुणी फोन लावला, कुणी त्यांना मागे घेतलं, त्यातलं त्यांना काही समजलं नाही.

मग उषाताईंच्या दारातून एक प्लास्टिकची खुर्ची बाहेर आली. एका बाजूनं सीमंतिनी, दुसऱ्या बाजूनं उषाताईंचे दीर, आणि खुर्चीत वनमालाबाई, केस मोकळे, वॉकर मांडीवर आडवा.

"वरात काढली माझी," त्या खोकत म्हणाल्या. "बँड तेवढा राहिला."

अग्निशामक दलाची गाडी आली. पाण्याचा मारा चालू झाला तो थांबेचना. शेवटी ज्वाळा बसल्या. पोर्चमध्ये काळा सांगाडा उरला, आणि लोक पांगायला लागले.

"घर के अंदर कोई नहीं जाएगा," अधिकारी म्हणाला. "ये दोबारा पकड़ती है. पेट्रोल वाला हिसाब नहीं है इसका." आणि तो पाण्याच्या पाइपाकडे वळला.

वनमालाबाई उषाताईंच्या दारात बसल्या होत्या. "विझली ना? मग मला माझ्या खोलीत न्या बाई. उषा, राग मानू नकोस, पण तुमचा संडास खाली बसायचा. माझ्या या गुडघ्याला तो कसा जमणार? औषधंही वरच राहिली."

"काकू, थोडी देर तर थांबा," उषाताई म्हणाल्या.

सीमंतिनीनं सांगाड्याकडे पाहिलं. ती फार थकली होती. "बॅटरी तशीही अर्ध्याहून कमी होती," ती म्हणाली. "त्यात आता काय उरलं असणार? चल आई, गच्चीवरून नेते. नुसती पडून राहा." तिनं आणि उषाताईंच्या दिरांनी खुर्चीला हात घातला. खुर्ची उचलली गेली.

महिपतराव तिथेच होते. आता बोललो तर संपलं, हे त्यांना कळत होतं. आणि विझलेलं विझलंच असेल, असंही वाटत होतं. एवढ्या पाण्यानंतर काय पेटणार? आपल्याला त्यातलं कळतं काय? पण पेटायला आहे काय, असं तर ते महिनाभर म्हणतच होते.

"थांबा," ते म्हणाले. "भरलेली होती."

"काय?"

"पूर्ण. मी लावली होती, पहाटे. पूजेसाठी."

सीमंतिनीनं खुर्ची सावकाश खाली टेकवली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

ती अधिकाऱ्याला सांगायला वळली तेवढ्यात पोर्चमधून धप्प असा आवाज आला. मघाशी निपचित पडलेल्या सांगाड्यातून आगीचा लोळ उठला, छताला लागला आणि बाहेर वळून वर गेला. वरच्या खिडकीची काच तडकली. वनमालाबाईंचा फुलाफुलांचा पडदा कागदासारखा पेटला. खिडकीला लागूनच त्यांची खाट होती.

माणसं ओरडत मागे पळाली. पाइप पुन्हा वळले. वनमालाबाईंनी वॉकर घट्ट धरला होता.

महिपतराव त्यांच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. डोळे खिडकीवर.

"सीमंतिनी," ते म्हणाले, "तुझी आई कुठाय?"

"बाबा—"

"आई कुठाय गं? वर कोण आहे?"

तिनं त्यांचा हात खुर्चीवरून सोडवला आणि वनमालाबाईंच्या खांद्यावर ठेवला. "ही काय. इथे आहे. वर कोणी नाही."

त्यांनी मान हलवली. आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं.