शेपटीखालची रेघ

गळकरी मंडळाच्या फलकावरील निवेदनात असे म्हटले होते की, तळ्यातील शिकारी मासे प्राणवायूअभावी गुदमरून मेले, आणि राखणदाराने पाण्याचा दरवाजा वेळेवर न उघडल्यामुळेच ते गुदमरले. सबब राखणदारास कामावरून दूर करण्यात येत असून त्याने काठावरची खोली महिनाअखेर रिकामी करावी. खाली चिटणीसांची ठसठशीत सही होती. चिटणीस राखणदाराचे सख्खे मेव्हणे होते.

राखणदाराची मुलगी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवीत असे. तिने ते निवेदन एकदा मुलगी म्हणून वाचले आणि एकदा परीक्षक म्हणून. दुसऱ्या वाचनात ते सपशेल नापास झाले. पाण्यातला प्राणवायू संपला तर तो कुणाची जात विचारीत बसत नाही. एखाद्या पहाटे लहानथोर सगळेच वर येऊन तोंडे वासतात. येथे मात्र चिल्लीपिल्ली खुशाल बागडत होती आणि मरत होते ते केवळ दुसऱ्यांना गिळणारे, तेही सबंध उन्हाळाभर, एकेक करून. शिवाय गुदमरलेला मासा रोडावत नाही. हे मासे म्हणजे नुसते डोके आणि काटे; पाठ सुरीच्या धारेसारखी, पोट तेवढे गच्च.

पोट भरलेले आणि मासा उपाशी, हे कोडे चिटणीसांना पडले नव्हते. तिला पडले. तिने काठावरून एक ताजा मेलेला मासा उचलला आणि वडिलांच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून चिरला. वडील दारात उभे होते. झाले ते झाले, खोली काय दुसरी मिळेल, असे त्यांनी दोन-तीनदा सांगून पाहिले. शेवटी म्हणाले, "मामा आहे गं तुझा."

"म्हणूनच चिरतेय," ती म्हणाली.

आतून निघाली ती गळाला आमिष म्हणून लावायची रबरी गांडुळे. जांभळी, तपकिरी, एकमेकांत गुंतलेली. खिशातल्या पेन्सिलीएवढी असायची ती पोटात फुगून अंगठ्याएवढी झालेली. त्या गोळ्याने जठराचे तोंड बुचासारखे बंद केले होते.

ही गांडुळे ओतण्यात मामांचा हातखंडा होता. घरामागच्या शेडमध्ये ते प्लास्टिक वितळवीत आणि साच्यात ओतीत. मंडळात त्यांच्या गांडुळाशिवाय पान हलत नसे. गळाचे टोक गांडुळाच्या अंगातच लपवायचे, म्हणजे ते शेवाळात अडकत नाही. आणि गांडूळ जितके मऊ तितका मासा ते थुंकायला उशीर लावतो, म्हणजे काठीला हिसका द्यायला सवड मिळते. त्या सवडीपायी मामांनी वर्षानुवर्षे मऊ करणारे तेल वाढवीत नेले. परिणामी गांडूळ इतके लुसलुशीत झाले की, दुसऱ्या चाव्याला डोक्याशी फाटून गळावरून निसटे. फाटके गांडूळ घरी नेले तर दुसऱ्या दिवशी हात रिकामा राहतो, अशी सुशिक्षित सभासदांची श्रद्धा होती. म्हणून "पाण्याचं पाण्याला" असे म्हणत प्रत्येक जण ते तळ्यात भिरकावी. राखणदाराने एकदा भीत भीत सुचवले होते की, काठावर एक डबा ठेवू या. भरल्या मंडळात मामा हसले होते: "दाजी, तुम्ही दरवाजा सांभाळा. गांडुळांचं गांडुळं बघतील." सगळे हसले, राखणदारही हसला. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, आणि त्याला ती नोकरी मेव्हण्यानेच लावून दिली होती.

मुलीने एक गांडूळ नळाखाली धुतले. शेपटीखाली बारीक उठावदार रेघ होती. लहानपणी मामांच्या शेडमध्ये खेळताना तिने साच्यावर खिळा ओढला होता, त्याची ती रेघ. तेव्हा मामा रागावले नव्हते. तिला खांद्यावर घेऊन म्हणाले होते की, आता माझ्या प्रत्येक गांडुळावर भाचीची सही.

मंडळाच्या बैठकीत तिने स्टीलचा डबा टेबलावर उघडला. भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या माशांखाली बसलेल्या सभासदांनी नाकाला रुमाल लावले. खजिनदारांनी विचारले की, बाईंचा तास आज इथे आहे का. मामांनी शांतपणे सांगितले की, बाजारात रबरी गांडुळे पैशाला पासरी मिळतात, कुणाची कुठली कोण सांगणार. आणि बापासाठी पोरीने इतकी घाण उपसावी याचे त्यांना मामा म्हणून वाईट वाटते. तिने एवढेच सुचवले की, प्रत्येकाने आपापली पेटी उघडावी आणि शेपटी उलटी करून पाहावी. पेट्या उघडल्या. माना खाली गेल्या. मग त्या वर येईनात.

तरीही मामा डगमगले नाहीत. गांडुळे आपली हे त्यांनी मान्य केले, पण ती फुगतात हे आपल्याला आजच कळले, असे ते म्हणाले. अज्ञानाला शिक्षा नसते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. सभासदांचे चेहरे सैल झाले. तिच्याजवळ पुढचा पुरावा नव्हता.

तेव्हा दाराजवळच्या स्टुलावरून राखणदार उठला. आजवर या खोलीत तो चहाचे विचारण्यापलीकडे बोलला नव्हता.

"तू तुझी फाटकी गांडुळं हल्ली खिशात घालून घरी नेतोस," तो मेव्हण्याला म्हणाला. "बाकीचे टाकतात. तू टाकत नाहीस. मी रोज बघतो. का रे?"

मामांनी भाचीकडे पाहिले नाही, सभासदांकडेही नाही. ते आपल्या बहिणीच्या नवऱ्याकडे, जणू त्यानेच विश्वासघात केला आहे अशा नजरेने, पाहत राहिले. मग बोलले. मुलीच्या आग्रहावरून ते बोलणे बैठकीच्या वृत्तान्तात एकही शब्द न बदलता घेण्यात आले:

"उन्हाळा लागला तेव्हाच मी एक मासा घरी चिरला होता. आत माझीच गांडुळं होती, फुगलेली. तेव्हापासून मी माझी टाकत नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर उद्यापासून माझ्या शेडकडे कोण फिरकलं असतं? कुणाचं तरी नाव घ्यायला हवं होतं, म्हणून दाजींचं घेतलं. म्हटलं, घरचाच माणूस आहे, तो काय बोलणार."