मापाड्याची लेक

"स्वेटर काढ आणि चढ," भावजी म्हणाले.

"थंडी वाजतेय बाबा."

"एवढ्या उन्हात थंडी?"

"वाजतेय म्हटलं ना."

ऊन कसलं, आग होती नुसती. सुगी ऐन भरात, आवारातली माती अशी तापलेली की अनवाणी पाय ठेववत नव्हता. पोत्यांनी भरलेल्या गाड्या पार फाटकाबाहेर लागलेल्या, वाऱ्याची झुळूक आली की भुसा डोळ्यांत जायचा. आणि या सगळ्यांच्या मधोमध माझी पुतणी जाडजूड लोकरी स्वेटर घालून काट्यासमोर उभी. गाडीवाल्यांना काय, फुकटचा तमाशा. बैलांना वैरण टाकायची सोडून सगळे माना वर करून बघत होते.

"असू द्या हो भावजी," मी म्हटलं. "स्वेटरचं असं कितीसं वजन असणार?"

"तुम्ही मधे पडू नका. हिशेबातनं वजा करतो ना मी." भावजींनी दांडीवरचं वजन सरकवलं. "चढ गं ढब्बू."

ती चढली. मला हाताला धरून चढवावं लागलं, हे कुणी पाहिलं नाही. सगळ्यांचं लक्ष दांडीकडे.

भावजी म्हणजे माझे थोरले दीर, गावचे मापाडी. पंचक्रोशीतलं धान्य त्यांच्याच काट्यावर चढतं. पोतं पाठीवर घेऊन हमाल फाटकातून आत आला, की भावजी नुसत्या नजरेनं वजन सांगणार आणि काटा मागाहून त्यांना दुजोरा देणार. त्यांच्या मापाबद्दल आजवर कुणी तोंड उघडलेलं नाही. माणूस सरळ, पण जे काट्यावर चढत नाही ते त्यांना समजत नाही. बायकोचं दुखणं, भावाचा रुसवा, पोरीचं मन, सगळं त्यांच्या लेखी हवेवरचं.

पोरीवर मात्र जीव. ती रांगत होती तेव्हापासून सुगीचं पहिलं पोतं मापायच्या आधी तिला काट्यावर बसवायचे. लोक टाळ्या पिटायचे, "भरली, भरली!" म्हणून ओरडायचे. गुबगुबीत पोर, तिलाही मौज वाटायची. तिथंच तिचं ढब्बू हे नाव पडलं. पुढं ती मोठी झाली, अंगानं भरली. एका सुगीला कुणीतरी दीडशहाणा बोलला, "आता हिला हमाल लागेल उचलायला." अख्खं आवार हसलं. भावजीही हसले. पोर काट्यावरून उतरली ती परत आपणहून चढली नाही. जेवणातून तिचं लक्ष उडालं ते तेव्हापासून, असं मला वाटतं. नक्की कोण सांगणार? दुखणं काही सांगून येत नाही.

आम्हाला कळलं फार उशिरा. ती स्वयंपाक करायची, सगळ्यांना आग्रहानं वाढायची, आणि "मी मघाशीच खाल्लं" म्हणायची. पलीकडच्या रोपवाटिकेत कामाला जायची, डबा न्यायची. तो डबा तिथल्या कुत्र्याला मिळायचा. हाताची काडी झाली, केस पुंजक्यानं गळायला लागले, तरी गाव तिला ढब्बूच म्हणायचं. गावानं एकदा नाव ठेवलं की अंगावर हाडं उरली तरी ते बदलत नाही.

एक दिवस रोपांच्या वाफ्यातच ती चक्कर येऊन पडली. जाऊबाईंना गोठा सोडून हलता येईना, म्हणून शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे तिला मी घेऊन गेले. बाईंनी तासभर समजावलं. हा आजार आहे, हट्ट नाही. तिच्या ताटाकडे टक लावून बघू नका, सगळे सोबत जेवा, जेवताना दुसरं काहीही बोला. वजन आम्ही इथं करू, आकडा तिलाही सांगणार नाही. दर आठवड्याला घेऊन या. आणि वजन वाढायला हवं, नाहीतर काळजाला धोका आहे.

मी घरी येऊन सगळं शब्दन् शब्द सांगितलं. भावजींनी त्यातलं एकच वाक्य उचललं.

"वजन वाढायला हवं ना? मग त्यासाठी शहरात कशाला? काटा आपल्या दारात आहे."

"अहो, पण बाई म्हणाल्या की—"

"सुगीत मी काटा सोडून हलू? आणि त्यांचा काटा माझ्यापेक्षा खरा आहे का?"

झालं. दर आठवड्याला पोरीला काट्यावर चढवायचं ठरलं, तेही आवारात, सगळ्यांदेखत, कारण काटा तिथंच. भावजींनी दांडीवर खडूनं एक रेघ मारली. दांडीवरचं वजन तिथं पोचेपर्यंत रोपवाटिका बंद, मैत्रिणी बंद, फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. जाऊबाई ताटासमोर बसायच्या आणि पोरीच्या तोंडाकडे बघत राहायच्या. ती परसात गेली तर दाराबाहेर उभ्या. शेजारणी वाट्या भरभरून आणायच्या आणि "एवढं संपव, माझी शपथ" म्हणून तिच्या डोक्यावर बसायच्या. माया होती हो सगळ्यांची. पण त्या मायेनं पोरीला चहूकडून कोंडून टाकलं.

गोठ्यात एकदा माझ्यापाशी रडली. "काकू, मला कुठं जागाच नाही गं. घास उचलला की सगळे श्वास रोखतात. गिळला की हसतात. आत मला किती भीती वाटते ते कुणाला सांगू?"

"कसली भीती?"

"खाल्लं की आता सगळं संपलं असं वाटतं. मलाच कळत नाही, तुला काय सांगू?"

मला खरंच काही कळलं नाही. पोटाला मिळत नाही म्हणून रडणारी माणसं मी पाहिली होती. समोर आहे आणि खाववत नाही म्हणून रडणारी ही पहिलीच. मी नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले, आणि हाताला एकेक मणका लागत होता.

तर आजचा हा वजनाचा दिवस. दांडी हलली, डुलली आणि वजन खडूच्या रेघेवर असतानाच सरळ थांबली.

भावजींचा चेहरा काय उजळला म्हणून सांगू! "आली! स्वेटर वजा धरूनसुद्धा रेघेवर आली! अगं ऐकलंस का?" जाऊबाई गोठ्यातून धावत आल्या, शेणाचे हात तसेच. गाडीवाल्यांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी ओरडलंच, "भरली, भरली!"

पोरीचा चेहरा पांढराफटक. काट्यावरून उतरताना तोल गेला, म्हणून मी तिला कवेत धरलं. आणि माझ्या हाताला काहीतरी टणक लागलं. स्वेटरच्या आत, कमरेभोवती. मी चाचपलं. लोखंड होतं.

तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "काकू, सांगू नकोस. उद्यापासून रोपवाटिकेत जाऊ दे मला. नाहीतर मी मरेन इथं."

आता बोला. सांगितलं तर फाटकाला कायमची कडी. न सांगावं तर पोरगी आमच्या डोळ्यांदेखत झिजून जाणार, आणि वर आम्ही टाळ्या वाजवणार. एरवी माझं तोंड गावाला पुरून उरतं, पण त्या घटकेला मी नुसता तिचा स्वेटर खाली ओढून नीट केला.

तेवढ्यात काट्यामागच्या खोलीतून भावजींचा आवाज आला. बियाणं घ्यायला कुणी आलं होतं. बियाण्यासाठी आत छोटा तराजू असतो, लोखंडी वजनांचा.

"इथली वजनं कुठं गेली?"

हमाल दारातच पोतं उतरवत होता. म्हातारा माणूस, भावजींच्या वडिलांपासून याच आवारात राबलेला.

"मला काय ठाऊक मालक?"

"काल इथंच होती. या खोलीत माझ्याशिवाय तूच येतोस."

"मी वजनं घेऊन काय करू?"

"भंगारात घालायला लोक काय काय नेतात!"

हमालानं डोक्याचं फडकं काढून झटकलं. मग सदऱ्याचे खिसे उलटे केले. त्यांतून तंबाखूची पुडी आणि एक बटण पडलं. ते उचलायला तो वाकला, पण मातीत बटण सापडेना.

"भावजी!" मी ओरडले. पुढं काय बोलणार होते देव जाणे. पण माझ्या हातातली पोर सुटली.

ती चालत खोलीच्या दारापर्यंत गेली. स्वेटर वर केला. आत कापडाचा पट्टा शिवून कमरेला बांधलेला होता. गाठ सुटता सुटेना, तेव्हा हमालानंच वाकून ती सोडवली. तिनं एकेक वजन काढून उंबऱ्यावर ठेवलं. स्वेटर वर असतानाच सगळ्यांना तिच्या बरगड्या दिसल्या. जाऊबाईंनी तोंडावर हात घेतला. टाळ्या वाजवणारे गाडीवाले बैलांच्या आड झाले.

भावजी त्या वजनांकडे बघत राहिले. "माझ्या काट्यावर," ते म्हणाले. "माझ्याच काट्यावर खोटं माप? आजवर कुणाची छाती झाली नाही, आणि तू?"

"मग काय करू?" पोर म्हणाली. "काट्यावर चढल्याशिवाय तुम्ही माझ्याशी बोलता कुठं? आठवड्यातनं एकदा बोलता, तेही दांडीकडे बघून."

आता माझा राग उफाळून आला. कुणाची पर्वा न करता मी म्हटलं, "खोटं माप तिनं नाही केलं भावजी. आपण केलं. डॉक्टरीणबाई कंठशोष करून सांगत होत्या, त्यातलं आपल्या सोयीचं तेवढं घेतलं. गुराला दावं लावावं तशी पोर बांधून ठेवली. तुम्हाला राग काट्याचा येतोय? मघाशी तिला हातानं धरून चढवावं लागलं, ते दिसलं का तुम्हाला?"

मोठ्या दिरापुढं असं बोलायची आमच्या घरात रीत नाही. जाऊबाई माझा पदर ओढत होत्या. भावजी मात्र चिडले नाहीत. ते आधी हमालाजवळ गेले, खाली बसले, मातीतलं बटण शोधून त्याच्या हातावर ठेवलं. "चुकलो," म्हणाले.

"माझं राहू द्या मालक," हमाल म्हणाला. आवाज अजून दुखावलेला होता. "तिला सावलीत न्या."

संध्याकाळी भावजी आमच्या ओसरीवर आले. बसले नाहीत, खांबाला टेकून उभे राहिले. "काय काय म्हणाल्या होत्या त्या डॉक्टरीणबाई? पहिल्यापासून सांगा." मी सगळं परत सांगितलं. या वेळी त्यांनी मधे एकदाही तोंड घातलं नाही.

सकाळी आवाराच्या फाटकाला कुलूप लागलं. ऐन सुगीत! गाडीवाल्यांनी शिव्या घातल्या, कुणी म्हणालं मापाडी खुळावला. आम्ही तिघं बसनं शहरात गेलो.

दवाखान्यात बाईंनी पोरीला वजनाच्या यंत्रावर उभं केलं, आकड्याकडे पाठ करून. भावजी नकळत पुढं सरकले, सवयीनं मान खाली गेली. "तुम्हीसुद्धा," बाई म्हणाल्या. "भिंतीकडे तोंड करा." जन्मभर माप बघितलेला माणूस. कान लालबुंद झाले, पण वळले. भिंतीवर औषधाचं कसलंतरी चित्र होतं, त्याकडे बघत उभे राहिले.

बाईंनी काही गोड सांगितलं नाही. काळीज अशक्त झालंय, इतक्यात कामाला जायचं नाही. बरं व्हायला वर्षं लागतील, मधे परत घसरेल, दर आठवड्याला यावंच लागेल, वेळ आली तर भरती करावं लागेल. रोपवाटिका नाही म्हटल्यावर पोर बसमध्ये खिडकीला डोकं लावून रडत होती. काय सुटका झाली तिची? एका फाटकातून निघाली आणि दुसऱ्यात अडकली. भावजी शेजारी बसले होते. बऱ्याच वेळानं विचारलं, "रोपवाटिकेत कसली रोपं लावता गं तुम्ही?" ती डोळे पुसत सांगायला लागली, कुठलं रोप उन्हाला दचकतं, कुठल्याला पाणी जास्त झालं की मूळ कुजतं. भावजी ऐकत होते. त्यांना त्यातलं ओ की ठो कळलं नसणार, पण ऐकत होते.

आम्ही परत आलो तेव्हा फाटकाबाहेर गाड्या तशाच उभ्या. कुलूप उघडेपर्यंत सगळे भोवती जमले. गावच ते, गप्प कसं बसणार?

"काय मग मापाडी, किती भरली पोर?"

पोर माझ्या शेजारी ताठ झाली. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली.

"माहीत नाही," भावजी म्हणाले.

"घ्या! मापाडी म्हणतो माहीत नाही! नजरेनं पोतं सांगणारा माणूस तू. अंदाजानं तरी सांग."

"बघितलंच नाही मी." भावजींनी फाटक ढकललं. "हिच्याबद्दल मला परत विचारायचं नाही. गाडी आत घे."