घटाआधीचा एक दिवस

सासूबाईंचं म्हणणं एकच, अमावास्येला नको. सर्वपित्रीला तर नाहीच नाही.

आमचं घर रामकुंडावर यात्रेकरूंची श्राद्धं करणारं. माझा नवरा मयुरेश पितृपंधरवड्यात पहाटेपासून पिंडदानाला बसलेला असतो. नेमकी त्याच पंधरवड्यात माझी टेस्ट ट्यूब बाळाची ट्रीटमेंट आली, तीही इतकी वर्षं वाट पाहून! मी कॉलेजात बायोलॉजी शिकवते, म्हणजे घरात समजावायचं कामही माझ्याच गळ्यात. मयुरेशला त्याला कळेल असं सांगितलं. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. पण पिंडाच्या भातासारखा नुसता गोळा तोडून भागत नाही. आतली सगळी माहिती आधी दुप्पट करायची, मग दोघींना सारखी वाटायची. वाटणी चुकली की बहुतेक वेळा काम तिथंच अडतं. तू असाच झालास, मीही अशीच झाले.

लॅबमध्ये आमचे तीन गर्भ वाढत होते. एक चार पेशींवर थांबला. दुसऱ्याच्या पेशी लहानमोठ्या, वेड्यावाकड्या झाल्या. तिसरा मात्र पुढं सरकत राहिला, आणि तो पोटात ठेवायचा दिवस आला नेमका अमावास्येचा. गोठवून ठेवता येईल का, विचारलं. हा नाजूक आहे, गोठवणं सोसेलसं वाटत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

एका दिवसानं काय बिघडतंय, सासूबाईंनी विचारलं. दुसऱ्या दिवशी घट बसतायत, देवीचा दिवस. मयुरेश पिंडांची तयारी करायला उठून गेला. मला असा संताप आला म्हणून सांगू! पण या बाईनं इतक्या वर्षांत मुलावरून मला एकदाही टोचून बोललेलं नाही, उलट बोलणाऱ्यांची तोंडं बंद केली. तिला नाही म्हणणं मला जमलं नाही. डॉक्टरीणबाई कुरकुरत थांबल्या.

घटस्थापनेच्या सकाळी मी निघणार, तोच डॉक्टरीणबाईंचा फोन आला. वाढ थांबली होती. काल ठेवला असता तर टिकला असता का, हे कुणीच सांगू शकत नाही, म्हणाल्या. मी तिथंच जमिनीवर बसून ढसाढसा रडले. सासूबाई घटाच्या मातीत गहू पेरत होत्या. त्यांचे हात तसेच मातीत राहिले.

गहू उगवला, तरारला. मी देवघराकडे फिरकले नाही. त्या कोंबांत पेशी कशा भराभर दुप्पट होत असतील, ते न बघताही दिसत होतं मला.

दसऱ्याला सासूबाई घटातलं धान माझ्या केसांत माळायला आल्या.

"यशश्री, त्या एका दिवसानंच गेलं का गं?"

नाही म्हणायला माझं काय जात होतं? पण तोंडातून खोटं निघेना.

"माहीत नाही, आई."

त्यांनी ते कोवळे कोंब मुठीत घट्ट धरले. मी डोकं पुढं केलं, तरी त्यांनी माळले नाहीत.