श्वास बघणारा आरसा

मित्रांनो, मी एक जुना हातआरसा आहे. वसईच्या केळीच्या वाड्यांतल्या एका कौलारू घरात खिळ्याला टांगलेला. सालोमीबाय नवरी होऊन आली, तेव्हा तिच्या पेटीतून मी आलो. तिच्या लाल लुगड्याचा, अबोलीच्या वेणीचा रंग पहिल्यांदा मीच प्यायलो.

मग वस्तीला माझा दुसरा उपयोग सापडला. कुणाची शेवटची घटका आली की कुंपणापलीकडून हाक यायची, "सालोमीबाय, आरसा दे गं!" मला त्या माणसाच्या तोंडापुढे धरत. काच धुरकटली तर जिवंत, कोरडी राहिली तर मेला. किती तोंडं पाहिली मी! ओघळलेली लाळ, तंबाखूनं काळे पडलेले दात, आंबूस वास. परत देताना लोक बोटं झटकत, जणू मरण माझ्यातूनच आलं होतं. माझ्यात बघून भांग पाडणं घरानं सोडलं. मला माझीच किळस येऊ लागली.

एक्क्याऐंशी सालच्या एप्रिलात सालोमीबायचीच वेळ आली. फादर मरणाआधीचं पवित्र तेल लावून गेले होते, डॉक्टर विरारला अडकले होते. दुपारी शेजारची इनेझमावशी म्हणाली, "निकोलस, आईला आरसा धर की रे."

मुलानं मला आल्तारावरून, घरातल्या देव्हाऱ्यावरून, उचललं. सकाळपासून मी तिथं दोन जळत्या मेणबत्त्यांच्या मधोमध पडलो होतो. सालोमीबायचा श्वास आला, मला शिवला आणि तसाच विरून गेला. अरे, मी तापलोय, तापलेल्या काचेवर वाफ धरत नाही, असं मला ओरडायचं होतं. पण काचेला कुठला कंठ?

"गेली," इनेझमावशी म्हणाली. एकजण फादरांच्या देवळाकडे पळाला. मरणाची घंटा वाजू लागली.

मग जे झालं त्याची मला आजही शिसारी येते. जिच्या छातीत ऊब होती तिची हनुवटी बांधली, नाकपुड्यांत कापसाचे बोळे कोंबले. आणि पदरानं घाम पुसत मावशी म्हणते, "आवरा लवकर, या उकाड्यात उद्यापर्यंत टिकायची नाही." टिकायची! मासळी होती का ती?

"थांबा," सून क्लेमेंटीन म्हणाली. "कापूस हलतोय."

"पंख्याचा वारा असेल."

"लाईट सकाळपासून गेलीय, मावशी!"

तिनं बोळे ओढून काढले, हनुवटीचं फडकं सोडलं. विरारहून परतणारे डॉक्टर हरिश्चंद्र घंटा ऐकून सायकल टाकून आत आले. गळ्याला बोट लावून बराच वेळ बसले. "नाडी लागतेय," म्हणाले. मग परत मेणबत्त्यांमध्ये ठेवलेल्या मला उचललं. "केवढा तापलाय हा!"

निकोलसचा चेहरा उतरला. "मग मरण ओळखायचं कशानं, डॉक्टर?"

"आम्हाला शिकवलं, हृदय थांबलं की माणूस संपला. आता थांबलेलं हृदय दाबून पुन्हा चालू करतात. म्हणून मोठे डॉक्टर म्हणतात, मेंदू विझला की संपला. फादर म्हणतील, आत्मा निघाला की. शहाणे अजून भांडतायत, निकोलस, आणि तुम्ही आरसा दाखवून मोकळे!"

तिसऱ्या दिवशी सालोमीबायनं डोळे उघडले. "इनेझ, माझ्या नाकात कोंबलेलं ते काय गं? कापूस? तुझ्या तोंडात कोंबायचा होता." घरभर हसू उसळलं. निकोलस मात्र हसला नाही. तिच्या पायांशी बसून रडला.

पावसाळ्यात ती खरंच गेली. इनेझमावशीचा हात सवयीनं माझ्याकडे आला. क्लेमेंटीननं मला भिंतीकडे तोंड करून टांगलं, म्हणून पुढचं मी फक्त ऐकलं. डॉक्टर आले, वाकले, "आता हो," म्हणाले. तरी सून म्हणाली, "असू द्या, अजून हात गार व्हायचाय." आणि त्या दिवशी कुणी घाई केली नाही.

मित्रांनो, काचेला वाफ कळते, माणूस कळत नाही. डॉक्टरांना बोलवा, ते येईपर्यंत जवळ बसा. तुमच्या माणसाच्या तोंडापुढे मला धरू नका. त्याचा हात धरा.