व्हर्नच्या हातची काडतुसं

"तो हातोडा खाली ठेव आधी," नोरीन म्हणाली. "माझ्या गॅरेजमध्ये माझ्या नवऱ्याच्या वस्तूंवर कुणी हातोडा चालवायचा नाही."

"अगं, हातोडाही त्याचाच आहे," गस म्हणाला.

"असू दे. खाली ठेव."

व्हर्नच्या जुन्या मित्राने, गस लाफ्रेनिएरने, हातोडा बाकावर ठेवला आणि टोपी काढून डोकं खाजवलं. खाजवण्याजोगे केस आता उरले नव्हते, सवय तेवढी उरली होती. दोघांच्या मध्ये लाल प्लास्टिकची एक डबी होती आणि तिच्यात काडतुसं उभी होती, पुसून लख्ख केलेली. व्हर्न हॉफलंडने, नोरीनच्या नवऱ्याने, ती गेल्या हिवाळ्यात याच बाकावर बसून भरली होती. मार्चमध्ये तो गेला.

शनिवारी एल्कची, घोड्याएवढ्या त्या दांडग्या हरणाची, शिकार सुरू होणार होती. आमच्या मोंटानातल्या या गावात त्या शनिवारी कुणी लग्न ठरवत नाही, आणि शहाणा माणूस मरतसुद्धा नाही, कारण खांदा द्यायला कुणी सापडायचं नाही. नोरीन आणि व्हर्न लग्नापासून दर वर्षी त्या दिवशी डोंगरावर गेले होते. यंदाही ती जाणार होती. व्हर्नची बंदूक घेऊन, व्हर्नच्या हातची काडतुसं घेऊन. तो नाही तर त्याच्या हातचं काहीतरी बरोबर असावं, एवढीच तिची इच्छा होती आणि त्या इच्छेवर तिने सगळा उन्हाळा काढला होता.

बंदूक व्हर्नच्या आजोबांची. तिची काडतुसं दुकानात मिळेनाशी होऊन जमाना झाला. म्हणून व्हर्न घरीच भरायचा. उडालेल्या गोळीची रिकामी पितळी पुंगळी जपून आणायची, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टिकली बसवायची, दारू तोलून ओतायची आणि प्रेसचा दांडा ओढून वर गोळी दाबायची. पुंगळीवर त्याचा एवढा जीव, की बार काढल्यावर हा माणूस एल्ककडे बघायच्या आधी गवतात पुंगळी शोधायचा. सगळं गाव त्याला हसायचं. "एल्क कुठे पळतोय आता?" तो म्हणायचा. "पुंगळी मात्र हरवते." आणि नोरीनने बार काढला असेल तर ती गरम पुंगळी उचलून तो तिच्या हातमोज्यात टाकायचा. तिची बोटं कायम गारठलेली.

"डबीवर चिठ्ठी नाही, नोरीन," गस म्हणाला. "कुठली दारू, किती, कधी भरली, काही नाही."

"विसरला असेल."

"तेच म्हणतोय मी. विसरला."

नोरीनने डबी जवळ ओढली. शेवटच्या वर्षात व्हर्न बरंच काही विसरायचा. ट्रकच्या किल्ल्या पिठाच्या डब्यात सापडल्या होत्या. गसला तो आपल्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारायचा आणि गसही ओ द्यायचा.

"इथे बसला की तो बरा असायचा," ती म्हणाली. "मी स्वयंपाकघरात असायचे. या प्रेसचा दांडा खाली गेला की खट् वाजतं ना, ते ऐकू यायचं. खट्... खट्... मला वाटायचं, आहे बाई, माझा नवरा आहे अजून. एक दिवस मी बटाटे सोलता सोलता गाणं म्हणत होते, गस. इतकी खूश होते मी."

गसने नाक ओढलं. "मला शिव्या दे हव्या तर. पण ही घेऊन मी तुला डोंगरावर जाऊ देणार नाही. दारू जास्त पडली असेल तर बंदूक फुटते, आणि ती गालाला लावतात, गुडघ्याला नाही. आणि हा नियम काय माझा आहे? त्याचाच आहे. मी एकदा चिठ्ठी लावायला विसरलो, तर त्याने अख्ख्या डबीतली काडतुसं फोडून रिकामी करायला लावली होती मला. वर म्हणाला, बिनचिठ्ठीचं काडतूस अनोळखी माणसाचं समजायचं."

"तुझ्या तोंडावर म्हणाला?"

"माझ्याच घरात, माझीच कॉफी पिता पिता!"

नोरीनला हसू आलं आणि हसता हसता तिचे डोळे भरले. गसला तिने बोलावलं होतं ते काडतुसं भरायला शिकण्यासाठी, पुढच्या वर्षांसाठी. ही डबी तिने नुसती कौतुकाने दाखवायला काढली होती. आता ती झाकता येईना.

मग तिने तो हिरवा, पोकळ डोक्याचा हातोडा उचलला.

"तू नाही," ती म्हणाली. "मी करते."

हातोड्याच्या डोक्यात काडतूस अडकवायचं आणि लाकडी ठोकळ्यावर आपटायचं. धक्क्याने गोळी सुटते आणि दारू पोकळीत सांडते. टिकलीला काही होत नाही. पहिल्या फटक्याला तिने डोळे मिटले. तिसऱ्या फटक्याला गोळी निघाली. गसने काळे दाणे काट्याच्या पारड्यात ओतले आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"अरेच्चा," तो म्हणाला. "ही तर फारच कमी आहे."

"चुकला?"

"थांब. दुसरं फोड."

दुसऱ्यातही तेवढीच निघाली. तिसऱ्यातही. काटा तसूभर हलेना.

"चूक नाही ही," गस म्हणाला. "मुद्दाम हलकी भरलीत. तुझा खांदा उतरला होता ना, शाळेच्या स्वयंपाकघरात ते मोठं पातेलं उचलताना? तेव्हापासून असणार."

"काहीतरीच. या बंदुकीचा धक्का मुळात मऊच आहे. तुम्ही पुरुष उगाच कण्हता."

"मऊ? मी एकदा तिचा बार काढला, तर आठवडाभर खांदा काळानिळा होता माझा!"

नोरीन त्याच्याकडे बघत राहिली. कॅफेत बसून तिने किती वेळा बढाई मारली होती, की मला धक्का लागत नाही, मला सवय आहे. व्हर्न शेजारी बसून केक खात असायचा आणि मान डोलवायचा. तिला तो दर वर्षी झऱ्याकाठच्या दाट झाडीत बसवायचा, जिथे जनावर अगदी जवळ येतं. म्हणायचा, तुला लांबचा नेम धरायला धीर कुठला? त्यावरून ती त्याच्याशी भांडली होती. हलकी काडतुसं लांब पोचत नाहीत, हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही.

"लबाड," ती म्हणाली. मग ताठ बसून पुढची फोडू लागली. "पण बघ, सगळी एकसारखी आहेत! बरा होता तो. सांगत होते ना मी?"

गसने पुढचं काडतूस तिच्या हातात दिलं. ओळीतली बरीचशी फोडून झाली. नोरीनचा चेहरा उजळला होता. उरलेली फोडायची नाहीत असं सांगायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात हातातल्या काडतुसाची गोळी सुटली. गसने दारू ओतली आणि पारडं टक्कन खाली बसलं.

गसने काट्याचं वजन पुढे सरकवलं, आणखी पुढे सरकवलं.

"दोनदा ओतली," तो शेवटी म्हणाला.

"नेहमीपेक्षा जास्त आहे?"

"बंदूक फुटली असती, नोरीन. तुझ्या तोंडापाशी." त्याने चष्मा काढला. "पूर्ण माप असतं ना, तर दुसऱ्यांदा ओतताना दारू बाहेर सांडली असती. त्याला लगेच कळलं असतं. हलकी होती म्हणून मावली."

तिच्या खांद्यासाठी हलकी. नोरीनने ती पुंगळी मुठीत घट्ट धरली. तिला राग आला नाही, भीतीही वाटली नाही. तिला फक्त तो दिसला, या बाकावर, हातात दारूचं माप घेऊन, आत्ता आपण ओतली की नाही हे आठवू पाहणारा. एकटाच. आणि पलीकडे ती गाणं म्हणत होती. स्वयंपाकघरातून आत्ता उठून यावं, त्याच्या पाठीवर हात ठेवावा आणि म्हणावं, राहू दे रे, चल जेवायला. तिला ते इतकं हवंसं झालं की तिने खरंच मागे वळून दाराकडे पाहिलं.

मग तिने उरलेली सगळी फोडली.

जुनी दारू तिने अंगणात नेऊन व्हर्नच्या रुबार्बच्या, त्या आंबट देठांच्या भाजीच्या, वाफ्यात पसरली. बागेला ती खतासारखी चालते. परत आली तेव्हा बाही वर सारलेली होती.

"सांग," ती म्हणाली. "काय करायचं?"

"पहिलं म्हणजे रेडिओ बंद. बाकावर दारूचा एकच डबा. आणि बडबड नाही."

"बडबड तूच करतोस."

"बरं, माझीही बंद. एक पुंगळी भरली की तिच्यात टॉर्च मारून बघायचं. प्रत्येक. कंटाळा आला की उठायचं." त्याने व्हर्नच्या फळीवरचा सीलबंद डबा काढून तिला लेबल वाचायला लावलं, मग काटा तिच्यापुढे सरकवला. "पूर्ण माप घेऊया का? लांबचा नेम धरता येईल."

"नाही. तो भरायचा तेवढीच. ज्यांच्यात बरोबर निघाली, त्यांच्याएवढीच."

"खांद्यासाठी ठीक आहे म्हणा."

"खांद्याचं नाही म्हणत मी, गस."

पुंगळ्या व्हर्नच्याच होत्या, टिकल्या त्यानेच बसवलेल्या, गोळ्याही त्याच्याच. ती ओतायची, टॉर्च मारून वाकून बघायची आणि मग दांडा ओढायची. खट्. पहिल्या आवाजाला तिचा हात दांड्यावरच राहिला. गसने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. आम्हा लोकांत एवढीच रीत आहे, माणूस रडत असला की खिडकीबाहेर बघायचं.

शेवटी चिठ्ठीवर तिने दारू, माप आणि तारीख लिहिली. 'कुणी भरली' असं विचारलेल्या रेघेवर तिची पेन्सिल थोडी थांबली. मग तिने स्वतःचं नाव घातलं.

शनिवारी डोंगरावर बर्फ पडून गेलं होतं. झऱ्याकाठच्या झाडीत नोरीन तिच्या नेहमीच्या ओंडक्यावर बसली आणि शेजारी एका माणसापुरती जागा सोडली. गस वरच्या अंगाला होता. उजाडून बराच वेळ झाल्यावर पाणी प्यायला एक नर उतरला, इतका जवळ की त्याच्या नाकपुड्यांतली वाफ दिसत होती. बंदूक गालाला लावताना ती कचरली नाही. काडतूस तिच्या हातचं होतं, आत काय आहे ते तिने डोळ्यांनी बघितलं होतं.

बार झाला. धक्का मऊच बसला. एल्क दोन ढांगा टाकून झऱ्यापाशी कोसळला.

"पडला!" गस वरून ओरडत, घसरत खाली येऊ लागला. "नोरीन! पडला गं! केवढा आहे हा!"

तिने बंदुकीचा बोल्ट मागे ओढला तशी रिकामी पुंगळी उजवीकडे उडून बर्फात गेली. सवयीने ती थांबली. कुणीतरी आता वाकेल, गुडघ्यांना शिव्या घालेल, चाचपडेल, म्हणून थांबली. मग बंदूक ओंडक्याला टेकवून ती स्वतःच खाली बसली आणि बर्फात हात घातला.

"अगं, काय शोधतेस तिथे?" गस जनावरापाशी पोचला होता. "इकडे ये ना!"

बर्फात एक बारीक भोक पडलं होतं आणि त्याच्या कडा वितळल्या होत्या. पुंगळी अजून गरम होती. नोरीनने ती पुसली, हातमोज्यात सोडली आणि मूठ मिटली. पुंगळी गार होईपर्यंत ती तिथून उठली नाही.