एक् की ओ

आमचे काका शिंपी. दुसऱ्याचं काम त्यांना पसंत पडलं, असं मी कधी ऐकलं नव्हतं. दवाखान्यातही डॉक्टरबाई खोलीत येताच माझ्या कानाशी लागले, "कॉलर तिरकी बसवलीय बघ."

काकूच्या डाव्या मूत्रपिंडात खडा अडकला होता आणि उजवं जन्मापासून नावापुरतंच. डावं गेलं तर आयुष्यभर डायलिसिस.

"उघडल्यावरच कळेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जमलं तर नेफ्रोटॉमी, नाहीतर नेफ्रेक्टॉमी."

दुसरा शब्द ऐकून काका एकदम खुलले. "मग दुसरंच करा, बाई. नेफ्र-एक-टॉमी. एक तरी राहील!"

"अहो, घासाघीस कसली करताय?" काकूने खाटेवरूनच डोळे वटारले. मी खिडकीकडे तोंड करून हसलो.

डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या. "काका, ते एक आपलं नव्हे, ग्रीक आहे. नेफ्र म्हणजे मूत्रपिंड, टॉमी म्हणजे कापणं. मधलं एक् म्हणजे बाहेर. कापून बाहेर काढायचं."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "आणि पहिल्यातला ओ?"

"त्याला अर्थ नाही. दोन तुकडे जोडायला घातलाय."

"म्हणजे टाका."

"टाकाच. त्यात नुसतं उघडायचं, खडा काढायचा, परत शिवायचं."

काकूला आत नेलं. बाहेरच्या बाकावर काका पुटपुटत बसले, "नेफ्-रेक्-टॉ-मी. बोलताना शब्द भलतीकडेच तुटतो रे. खरा जोड कुठाय, पत्ताच लागत नाही." थोड्या वेळाने, अगदी हळू, "काय हात असेल हा शब्द शिवणाऱ्याचा! अख्खा माणूस इकडचा तिकडे होतो, आणि बाहेरून शिवण दिसत नाही."

काकांच्या नावावर माझ्याकडे बढाया पुष्कळ जमा आहेत. दुसऱ्याच्या कामाचं कौतुक ही पहिलीच नोंद. थट्टा करायला तोंड उघडलं होतं, पण ते बोटाने मांडीवर तो शब्द जोडून-तोडून बघत होते. मग मीही मनातल्या मनात तो शब्द उसवत राहिलो.

दार उघडलं. डॉक्टरबाईंनी मास्क खाली ओढला.

"नेफ्रोटॉमी. खडा निघाला. मूत्रपिंड जागेवर आहे."

काका उठले. "बाई, तेवढा शब्द पुन्हा म्हणा. जरा सावकाश."

बाई दमलेल्या होत्या, तरी म्हणाल्या. ओ आला तेव्हा काकांनी डोळे मिटले, आणि तो संपेपर्यंत श्वास घेतला नाही.