यादीतलं चौथं पुस्तक

"आणि मग?" दिनानाथने विचारलं.

"मग काय, बर्फ खचला. त्यांचा पुढारी भेगेत गेला. हाक मारायलाही वेळ मिळाला नाही," मालू म्हणाली आणि तिने पान उलटलं.

उंबऱ्याशी बसलेल्या बळीरामने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. नेऱ्याहून रोज संध्याकाळी तो दूध घेऊन यायचा, आणि रिकामी कासंडी पायाशी ठेवून पुस्तक ऐकत बसायचा.

"तो दाढीवाला, वयनी? समद्यांना चाय करून देनारा?"

"तोच."

"अरारारा. घरी बायको आसंल त्याची."

"असेल ना," मालू म्हणाली. मांडीवर सात महिन्यांची सोना झोपली होती. तिच्या छातीवर मालूचा तळवा टेकलेला होता; श्वास वरखाली होतोय ना, हे ती वाचतानाही पाहत असे.

पुस्तकातला दाढीवाला खरं तर सुखरूप खाली उतरला होता. त्याला भेगेत ढकललं होतं ते मालूने.

भिंतीवर कॅलेंडरशेजारी ती यादी टाचलेली होती. दिनानाथ तालुका कचेरीत कारकून. रविवारी मुंबईहून येणाऱ्या गिर्यारोहकांबरोबर तो आसपासचे कडे चढायचा. मेमध्ये त्या लोकांची तुकडी हिमालयात जायची होती, आणि ज्यांना यायचं असेल त्यांनी वाचावीत म्हणून त्यांनी नऊ पुस्तकांची नावं कळवली होती. नऊच्या नऊ इंग्रजी. दिनानाथ मॅट्रिक. मालू बी.ए. तेव्हा रोज संध्याकाळी मालूने पुस्तक पुढ्यात धरायचं आणि मराठीत सांगायचं, असं ठरून गेलं.

'जाऊ नका' असं तिने एकदाच म्हटलं होतं. तो हसला होता. मग ती पुस्तकांकडून म्हणवून घेऊ लागली. हिमदंश आला की ती सावकाश वाची, एकेक बोट काळं पडू देई. कुणी धडपणे घरी पोचला की तो परिच्छेद गाळी. पण दिनानाथ भिण्याऐवजी गंभीर होत चालला. देवळात बसल्यासारखा बसे.

"मानसं कसली, देवमानसं," बळीराम म्हणे. "आमी आपलं करवंदांसाठी डोंगर चढतंव."

"तू अनवाणी चढतोस बळीराम. त्यांना खिळ्यांचे बूट लागतात," दिनानाथ त्याला डिवचायचा.

"मंग न्या मना पन. बर्फावर म्हस नेऊ, दूध नासनार नाय."

मालूलाही हसू आवरत नसे. तेवढ्यापुरती ती मे विसरायची.

चौथं पुस्तक पडणाऱ्यांचं नव्हतंच. गिर्यारोहणाची साधनं कशी निवडावी, कशी राखावी, हेच त्यात होतं. आदल्या दुपारी ती पुस्तक चाळून ठेवायची. तिसऱ्या प्रकरणाशी ती थांबली. दोर. चांगल्या दोराने माणूस किती निर्धास्त असतो, हे त्यात पानोपानी लिहिलं होतं. हे ऐकलं की दिनानाथ नक्की जाणार, असं तिला वाटलं.

"पुढचं प्रकरण रटाळ आहे हो," संध्याकाळी ती म्हणाली. "नुसती मापं. वादळातल्या तंबूंचं घेऊ या."

"घे," दिनानाथ म्हणाला. पुस्तकातलं तिने सांगितलेलं त्याने कधी पडताळून पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात बळीराम खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन आला. खाडीवर मीठ वाहणारा एक मचवा मोडीत निघाला होता, त्याचा. मनगटाएवढा जाड, वरून गुळगुळीत, सोनेरी.

"मिठाची पोती वडलीत यानं. तुमचा आमचा भार काय याला!"

दिनानाथने दोन्ही हातांनी ओढून पाहिला. मालूने सोनाला कडेवर घेऊन दारातून पाहिलं. दोर चांगला दिसत होता.

त्या रविवारी मुंबईचे लोक आले नव्हते, म्हणून दिनानाथ बळीरामलाच घेऊन गेला, आणि प्रबळगडाच्या एका कड्यावरून उतरताना तो दोर तुटला. आधी बळीराम उतरत होता. त्याच्यानंतर दिनानाथची पाळी होती. बळीराम दोन पुरुष उंचीवरून खडकावर पडला. मांडीचं हाड मोडलं. हाड जुळेल, पण पाय आखूड राहील, असं डॉक्टर म्हणाले.

त्या संध्याकाळी मालूने तिसरं प्रकरण उघडलं. समुद्राच्या पाण्यातला दोर वापरू नये. मीठ ओल धरून ठेवतं आणि दोर आतून कुजतो. वरून कळत नाही. पीळ उलगडून आत पाहावं. साडेतीन ओळी होत्या. दिनानाथ भिंतीकडे तोंड करून बसला होता. तिने पुस्तक मिटलं.

दूध येतच राहिलं. आता बळीरामची बायको गोदू डोक्यावर कासंडी घेऊन यायची. पंधराव्या दिवशी ती मापं ओतून झाल्यावरही उभी राहिली.

"वयनी, ते इचारतान, पुस्तक पुरा झाला काय? पडून पडून कावल्यात. तुमी आल्यात तर..."

रविवारी दुपारी मालू आणि दिनानाथ सोनाला घेऊन नेऱ्याला पोचली. बळीराम ओटीवर खाटेवर होता, पाय प्लास्टरमध्ये. खाटेच्या पायथ्याच्या दांड्याला त्याच दोराचा तुकडा बांधला होता. तो धरून बळीराम उठून बसे.

"या भाऊसाहेब. आता मना खिळ्यांचे बूट पायजेत. एक उंच, एक बुटका."

कुणीच हसलं नाही. मालूने सोनाला गोदूच्या हाती दिलं आणि पुस्तक उघडलं. तिसरं प्रकरण. पहिल्या ओळीपासून, एकही शब्द न गाळता. त्या साडेतीन ओळी आल्या तेव्हाही ती थांबली नाही.

बळीरामने दांड्याचा दोर ओढून घेतला. पिळात अंगठा घातला. आतून करडा भुसा त्याच्या प्लास्टरवर सांडला.

"हे प्रकरण," दिनानाथ हळू म्हणाला, "वादळाच्या आधीचं ना?"

"हो. मीच गाळलं. तुम्ही जाऊ नये म्हणून."

दिनानाथ उठला, पायऱ्या उतरून अंगणात गेला आणि गडाकडे तोंड करून उभा राहिला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"अजून एक आहे, बळीराम," मालू म्हणाली. आता थांबली तर पुन्हा जमणार नाही, हे तिला कळत होतं. "तो दाढीवाला मेला नव्हता. मी खोटं सांगितलं."

बळीरामने पिळातून अंगठा काढला.

"म्हंजे घरी पोचला तो?"

"पोचला."

"पायांवर?"

मालूने होकारार्थी मान हलवली.

बळीरामने उशाची टोपी घेतली, झटकली आणि डोक्यावर घातली. मग प्लास्टरवरचा भुसा तळहाताने गोळा करून खाटेखाली टाकला.

"वाचा, वयनी," तो म्हणाला. "त्या दाढीवाल्याचं बुकही आना उंद्या. त्याचा पैल्यापासून ऐकनार. आन् आता मधलं काय बी सोडू नका."